झाकू नका, सावली द्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी आपले मंडळ दरवर्षी बाहेरच्या विदुषींना बोलावते. यंदा चिटणीसबाईंनी घरच्याच बाईला उभे केले, आणि विषयही असा दिला की तो माझ्या अंगावरच लिहिलेला आहे. मंडळाच्या बालवाडीत मी २१ वर्षे मुलांना गाणी शिकवली. तुमच्यापैकी कित्येकींची मुले माझ्या मांडीवर झोपली. तरीही माझे केस असे वाळल्या गवताच्या रंगाचे का, भुवया पांढऱ्या का, बोलताना माझी बुबुळे सारखी हलतात ती का, हे आजवर फारच थोड्या जणींनी मला विचारले. न विचारण्यात तुमचा चांगुलपणा होता, हे मी जाणते. पण ज्या गोष्टीबद्दल कोणी समोर विचारीत नाही, तिच्याबद्दल मागे कुजबुज होते. आणि कुजबुजीत खरे-खोटे निवडायला कोणी सूप घेऊन बसत नाही. म्हणून आज सरळच बोलते.

या अवस्थेला डॉक्टर 'अल्बिनिझम' म्हणतात. मराठी शास्त्रीय पुस्तकांत 'वर्णकहीनता' असा शब्द आढळतो. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी मला 'भुरी' म्हणत. माझ्या पाठच्या भावाला शाळेतली पोरे 'गोरा साहेब' म्हणत. आम्ही चार भावंडे. त्यांत आम्ही दोघे असे पांढरे, आणि थोरली ताई व धाकटा भाऊ चारचौघांसारखे काळेसावळे.

प्रथम एक घोटाळा दूर करते. आपल्याकडे अंगावर पांढरे दिसले की तीन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोट बांधली जाते. कोड म्हणजे पांढरे डाग. ते जन्मानंतर केव्हातरी उमटतात, कारण कातडीतील रंग तयार करणाऱ्या पेशी जागोजागी नष्ट होतात. महारोग हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. तो जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला, आणि आज औषधांनी तो पूर्ण बरा होतो. वर्णकहीनता ही जन्मतःच असते, सगळ्या अंगाची असते आणि डोळ्यांचीही असते. तिच्यात जंतू नाही, ती कोणाला लागत नाही, आणि ती कोणाच्या स्पर्शाने वा शापाने येत नाही. कोडही लागत नाही. कोड असलेल्यांसाठी पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता' ही संस्था काढली, त्यांच्यासाठी वधूवर मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा 'नितळ' हा चित्रपट याच प्रश्नावर आहे. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना माझे पुढचे बोलणे समजायला सोपे जाईल, कारण डागांपेक्षा माणसे किती दुखवतात, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

आता हे होते कसे, ते सांगते. मी ११ वर्षांची असताना वडिलांनी मला डोळे दाखवायला मिरजेला आणले. मिरज हे १८९४ पासून, म्हणजे डॉ. वानलेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून, आपल्या भागातले दवाखान्यांचे गाव. बरोबर आई होती आणि आजीही हट्टाने आली होती. तेथल्या एका डॉक्टरीणबाईंनी आमच्या अडाणी घराला समजेल असे शास्त्र सांगितले. त्या म्हणाल्या, "प्रत्येकाच्या कातडीत, केसात, डोळ्यात रंग दळणारे एक जाते असते. अन्नातून दाणे मिळतात, जात्यातून रंगाचे पीठ पडते. या मुलीच्या अंगात जाते आहे, दाणेही आहेत. पण खुंटा मोडका आहे, म्हणून पीठ पडत नाही." त्या पिठाला शास्त्रात मेलॅनिन म्हणतात. कोणाच्या जात्याचा खुंटा मोडका असतो, कोणाच्या जात्याचा दुसरा एखादा भाग. त्यावरून याचे प्रकार पडतात. काहींच्या केसांत वयाप्रमाणे थोडा पिवळा-तांबूस रंग उतरतो, काहींच्या कधीच नाही.

मग त्या म्हणाल्या, "प्रत्येक माणसाला दोन खुंटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगला असला तरी दळण होते. म्हणून आई-बाप दोघेही सावळे असू शकतात, आणि दोघांकडेही एकेक मोडका खुंटा असू शकतो. ज्या मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून मोडकाच येतो, ते पांढरे जन्मते." अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक ही शक्यता असते. पहिले तसे झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक बाळंतपणाला फासे नव्याने पडतात. डोळ्यांपुरत्या वर्णकहीनतेचा एक विरळा प्रकार आईकडून मुलग्यांत उतरतो. तो वगळला तर बाकी सर्व प्रकारांत आई आणि बाप यांचा वाटा अगदी समसमान. इंग्लंडातील डॉ. गॅरड यांनी १९०८ साली लंडनला दिलेल्या व्याख्यानांत शरीरातील जन्मजात रासायनिक उणिवांची जी पहिली उदाहरणे सांगितली, त्यांत वर्णकहीनता होती. म्हणजे या ज्ञानाला शंभरावर वर्षे उलटली. ते आपल्या माजघरापर्यंत मात्र अजून पुरते पोचलेले नाही.

माजघरात काय चालते, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या जन्मानंतर आईला विचारले गेले, "ग्रहण पाळलं नाहीस का? खोबरं फार खाल्लंस का? पांढऱ्या म्हशीचं दूध प्यालीस का?" आणि जे तोंडावर विचारले नाही, ते पाणवठ्यावर बोलले गेले. बाईच्या चारित्र्यावर जाण्यापर्यंत लोकांची मजल गेली. हे नवे नाही. महाभारतात व्यासांचे उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला, आणि अंबालिका भीतीने पांढरी पडली म्हणून पांडू फिकट वर्णाचा जन्मला. मुलाच्या रंगाचा आणि दृष्टीचा, दोन्ही दोष दोघी आयांच्या माथी! पण त्याच ग्रंथात तो फिकट पांडू हस्तिनापूरचा राजा झाला, ही गोष्ट मात्र पोथी सांगणारे फारशी लांबवत नाहीत.

आमच्या घरात एक गंमत होती. गंमत म्हणते, कारण आता हसू येते. आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. म्हणजे माझी आजी ही आईची सासू आणि सख्खी आत्या. आपल्या भागात सासूला 'आत्याबाई' म्हणण्याची जी रीत आहे, ती अशाच सोयरिकींतून आलेली. इरावतीबाई कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या महाराष्ट्रातील चालीची चर्चा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातील लग्नाला बंदी घालताना, जेथे रूढी असेल तेथे मोकळीक ठेवली. सांगली जिल्ह्याचे पहिले नाव दक्षिण सातारा. १९६० साली ते सांगली झाले. जिल्ह्याचे नाव बदलले, पण कृष्णेच्या काठाने वर-खाली चालणाऱ्या सोयरिकी बदलल्या नाहीत. जमीन घरात राहते, सून ओळखीची असते, हुंड्याचा बोजा कमी पडतो. या रीतीत सोयी होत्या, हे मी नाकारीत नाही. नात्यातल्या बहुतेक लग्नांतून निकोप मुले होतात, हेही खरे.

तर आजी ११ वर्षे माझ्या आईला ऐकवीत आली होती, "ही तुझ्या माहेरची खोट हाय." आणि आई मान खाली घालून भाकरी थापत आली होती. त्या दिवशी मिरजेला खुंट्याचे गणित ऐकल्यावर आजी बराच वेळ गप्प बसली. मग तिने डॉक्टरीणबाईंना विचारले, "म्हंजी हिच्या माहेरचं ते माझ्याबी माहेरचं?" बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकाच घरच्या, आजी. मुलाला तुमच्याकडून आले, सुनेला तुमच्या भावाकडून. घर एक, खुंटा एक."

परतीच्या गाडीत आजी बोलली नाही. पण त्या दिवसापासून 'खोट' हा शब्द आमच्या घरात पुन्हा ऐकू आला नाही. पुढच्या आठवड्याच्या बाजारातून आजीने माझ्यासाठी पोलक्याचे कापड आणले, आणि शिंप्याला बजावून बाह्या मनगटापर्यंत शिवून घेतल्या. क्षमा मागण्याची पद्धत त्या पिढीला नव्हती. ते पोलके हीच तिची क्षमा, असे आई पुढे म्हणत असे. आईचे गेलेले दिवस त्यामुळे परत आले नाहीत. पण तिची मान वर झाली, आणि तिची मान वर झाल्यावर माझीही झाली. भगिनींनो, मुलाच्या मनाचे आरोग्य आईच्या मानेवर किती अवलंबून असते, हे मी तेव्हा पाहिले.

रंगापेक्षा डोळ्यांचा त्रास मोठा, हे लोकांच्या लक्षात येत नाही. गर्भात डोळा घडतानाही हे रंगद्रव्य लागते. ते नसल्याने पडद्याचा बारीक पाहणारा मधला भाग पुरा घडत नाही. म्हणून चष्म्याने मदत होते, पण नजर पूर्ण येत नाही. उजेड डोळ्यांत भाल्यासारखा शिरतो. बुबुळे आपोआप डोलतात, आणि मान एका बाजूला कलती केली की ती थोडी स्थिरावतात, म्हणून मूल मान वाकडी धरून पाहते. अशा मुलाला घरी 'नीट बघ' म्हणून टपली मारतात आणि शाळेत 'लक्ष नाही' म्हणून उभे करतात. मला एका शाळेने 'हिला मंद मुलांच्या शाळेत घाला' असे सांगून परत पाठवले होते. मंद मी नव्हते. मला फळा दिसत नव्हता. दुसऱ्या शाळेत एका मैत्रिणीने रोज फळ्यावरचे हळू आवाजात वाचून दाखवले, आणि मी ऐकून ऐकून मॅट्रिक झाले. हाती भिंग आले तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःच्या बोटांवरच्या रेषा दिसल्या.

आता माझ्या भावाविषयी. हे सांगणे मला जड जाते, पण या भाषणाचा गाभा तोच आहे.

मी मुलगी, म्हणून मला झाकले. पाहुणे आले की मी धान्याच्या कोठीत. ताईला बघायला मंडळी आली तेव्हाही मी कोठीत, कारण 'घरात पांढरं माणूस हाय' हे कळले तर सोयरीक मोडेल. तरीही दोनदा ती मोडलीच. ताई वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. तिचा राग खरा तर जगावर होता. पण जग कोठीत सापडत नव्हते, मी सापडत होते. तिच्या लग्नातल्या फोटोत मी नाही. भाऊ मुलगा, म्हणून त्याला कोणी झाकले नाही. तो शाळेत गेला, तालमीत गेला, जत्रेत फिरला, गावात त्याला मान होता. आणि मुलगा म्हणूनच तो वडिलांबरोबर शेतात राबला. आमच्या खटाव-माणचे ऊन तुम्हाला माहीत आहे. तेथे बाभळीचीसुद्धा सावली पातळ. त्याची कातडी दर उन्हाळ्यात भाजून निघे, सोलवटे आणि पुन्हा भाजे. चाळिशीच्या सुमारास कानाच्या पाळीवर एक लहानशी जखम झाली, ती बरी होईना. शेतातल्या माणसाच्या अंगावर जखमा असायच्याच. गावात हळद भरली, पाला बांधला. शहरात तपासणी झाली तेव्हा तो कातडीचा कर्करोग निघाला आणि मानेच्या गाठींपर्यंत पोचलेला होता. ४२ व्या वर्षी तो गेला. मागे बायको आणि लहान मुलगी.

मेलॅनिन ही कातडीची उपजत छत्री आहे. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्या कातडीला ऊन थेट आतपर्यंत इजा करते, आणि वर्षानुवर्षांच्या इजेतून कर्करोग उद्भवतो. हा मृत्यू टाळता येण्यासारखा असतो. टोपी, पूर्ण बाह्या, औषधी मलम, आणि बरी न होणारी जखम लवकर दाखवणे, एवढ्याने.

पुष्कळ वर्षे मी या गोष्टीचा विचार केला. मला झाकले, म्हणून माझी कातडी वाचली. पण मन कोठीतल्या अंधारात कोंबले गेले. भावाला मोकळे सोडले, म्हणून त्याचे मन फुलले. पण कातडी उन्हाला बळी पडली. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि ती कोणालाच सुचली नाही: मोकळ्या अंगणातली सावली. लाजेपोटी झाकतात आणि मायेपोटी सावली देतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आत बसलेल्या मुलाला मात्र फरक पक्का कळतो.

लग्नाविषयी बोलले नाही तर तुम्ही मनातल्या मनात विचारालच. जाहिरातीत 'वधू गोरी हवी' असे छापणारा आपला समाज. देवाने मला मागितल्याच्या दुप्पट गोरी केली, तर कोणाला नको झाले! एका स्थळाने सांगितले, "मुलगी डोळ्याला डोळा देत नाही, मनात काहीतरी आहे." बुबुळे स्थिर राहत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी सांगलीचे स्थळ आले. हे हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांनी पाहण्याच्या कार्यक्रमात एकच प्रश्न विचारला, "उन्हात चालवत नाही म्हणता, मग संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला याल का?" सासरच्यांना मुलांची धास्ती होती. डॉक्टरांनी समजावले की माझा एक मोडका खुंटा मुलांकडे नक्की जाणार, पण नवऱ्याकडचा चांगला असला तर मूल पांढरे होणार नाही. घराणी दूरची, म्हणून भीती फार थोडी. पहिल्या बाळंतपणात नणंदेने मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी केस कसले आहेत, ते विचारले. केस काळेभोर होते. सगळ्यांबरोबर मलाही आनंद झाला. आणि मागाहून रात्री मनात टोचले, की माझे मूल माझ्यासारखे नाही याचा मला आनंद झाला! ही टोचणी कोणत्याही डॉक्टरने बरी केली नाही. ती हळूहळू बरी झाली, ती मुलांनी केली. माझा मुलगा शाळेत मित्रांना सांगे, "माझी आई उन्हात मिटते आणि चांदण्यात उमलते."

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या घरात पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. ताईच्या धाकट्या मुलाने गेलेल्या भावाच्या मुलीला, म्हणजे आपल्या मामाच्या मुलीला, मागणी घातली. दोघांचे एकमेकांवर मन होते. वडीलधारी मंडळी खूश झाली. तेव्हा मी आणि ताई, ज्या एकेकाळी वर्षभर बोललो नव्हतो, मिळून उभ्या राहिलो आणि म्हणालो, आधी सल्ला घ्या. डॉक्टरांनी गणित मांडले. मुलीचे वडील पांढरे, म्हणून तिच्याकडे एक मोडका खुंटा असणारच. ताई सावळी, पण अशा भावंडांत तिच्याकडे तो असण्याची शक्यता तिनात दोन. तिच्या मुलाकडे तिनात एक. म्हणजे होणारे मूल पांढरे असण्याची शक्यता बारात एक. परक्या घरच्या मुलाकडे असा खुंटा असण्याची शक्यता साधारण सत्तरात एक मानतात. फरक तुम्हीच पाहा. आता रक्ताच्या तपासणीतून हे नेमके पाहताही येते.

माझी भाची त्या वेळी जे बोलली, ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "आत्या, पांढऱ्या मुलाची मला भीती नाही. माझे बाबा तसेच होते आणि मला त्यांच्यासारखा बाप दुसरा मिळाला नसता. पण सगळ्यांना माहीत असून लग्न झाले पाहिजे. उद्या कोणी मला 'तुझ्या माहेरची खोट' म्हणता कामा नये." दोघांनी तपासणी करून घेतली. अहवालात काय आले, ते त्या दोघांचे आहे. ते मी सभेत सांगणार नाही. लग्न झाले आणि सुखाने झाले. त्या लग्नाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे. ताईने हात धरून मला तेथे बसवले.

बाहेरच्या जगात पाहाल तर आपले दुःख लहान वाटेल. पूर्व आफ्रिकेत, विशेषतः टांझानिया आणि मलावीत, अशा माणसांच्या अवयवांनी धन मिळते या अंधश्रद्धेपायी हत्या झाल्या. त्यामुळे जगाचे लक्ष तिकडे गेले, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली ठराव करून १३ जून हा दिवस वर्णकहीनतेच्या जागृतीसाठी ठरवला. २०१५ पासून तो पाळला जातो. त्याच टांझानियात २०१० साली सालुम खल्फान बारवानी हे गृहस्थ निवडणूक जिंकून संसदेत गेले. मालीचे जगप्रसिद्ध गायक सालिफ कैता हेही असेच. जेथे अंधार दाट, तेथेही माणसे उभी राहतात. मग कृष्णाकाठी का राहू नयेत?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते. त्या वहीत लिहून घेतल्यात तरी चालेल.

असे मूल घरात जन्मले, तर पहिल्या काही महिन्यांतच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि चष्मा लागला तर लहानपणापासून द्या. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात उघड्या उन्हात नेऊ नका. न्यावेच लागले तर रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचे सुती कपडे, काळा चष्मा आणि डॉक्टरांनी सांगितलेले मलम वापरा. खेळायला मात्र पाठवा, सकाळ-संध्याकाळ, सगळ्या मुलांबरोबर. महिनाभरात न भरणारी कोणतीही जखम दाखवा. रंग आणून देतो म्हणणाऱ्यांच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. आमच्या आईचे पाटल्या मोडून आलेले पैसे अशाच एका वैदूकडे गेले. रंग आणणारे खात्रीचे औषध डॉक्टरांकडेही अजून नाही.

शाळेत पहिला बाक मागा, खिडकीकडे पाठ करून. वही मोठ्या अक्षरांची, फळ्यावरचे वाचून सांगणारा एक मित्र, आणि हाती भिंग. एवढ्यावर मूल शिकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत वर्णकहीनता हे नाव वेगळे नाही, पण 'अल्पदृष्टी' आहे. चष्मा लावूनही नजर ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर शासकीय रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळते. ४० टक्के किंवा अधिक असल्यास परीक्षेत लेखनिक, जादा वेळ आणि इतर सवलती मिळू शकतात. हा हक्क आहे. तो घेण्यात कमीपणा मानू नका.

एक गोष्ट खास बायकांसाठी. वर्णकहीनतेच्या एका विरळ्या प्रकारात रक्त लवकर थांबत नाही. १९५९ साली प्राग शहरातील हर्मान्स्की आणि पुडलाक या डॉक्टरांनी तो प्रथम वर्णन केला. अशा मुलीला थोड्या धक्क्याने काळेनिळे डाग पडत असतील, नाकातून रक्त येत असेल, पाळीत अंगावर फार जात असेल, तर 'बायकांचे असेच' म्हणून सोडू नका. दात काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी आणि बाळंतपणाआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

आणि नात्यात लग्न ठरत असेल, आणि त्या घराण्यात असे माणूस कधी जन्मले असेल, तर ते झाकून ठेवू नका. सल्ला घ्या आणि मग त्या मुला-मुलीला ठरवू द्या. सासवांना मी हात जोडून विनंती करते: सुनेला 'तुझ्या माहेरचे' म्हणण्याआधी माझ्या आजीची आठवण करा. दोष कोणाचा, हे विचारण्यात आमच्या घराची ११ वर्षे गेली. मुलाला काय हवे, हे विचारायला एक आठवडा पुरला. तो पोलक्याचे कापड आणण्याचा.

शेवटी माझे स्वतःचे एक मागणे. बाजारात, देवळात, बसथांब्यावर तुम्ही समोरून येता आणि मी ओळख न देता पुढे जाते. काही जणींना तो गर्व वाटतो, हे माझ्या कानावर आले आहे. मला चार हातांवरचा चेहरा ओळखू येत नाही. मी माणसे आवाजावरून ओळखते. तेव्हा यापुढे मी दिसले की नुसते हसू नका, तुमचे नाव सांगून हाक मारा. जवळपास सावली असेल तर तिच्यात उभ्या राहा, मी येते. मग हवे तेवढे बोलू.

 आपले मंडळ असेच वाढो, आणि त्याच्या सावलीत सगळ्या रंगांची मुले खेळोत.